पुलावरचा डगलेवाला

सगळंच गेलं तर माणूस रडून मोकळा होतो. अर्धं राहिलं की पंचाईत. अर्ध्याचं करायचं काय? फेकून देववत नाही आणि पूर्वीसारखं मिरवताही येत नाही. देव देतो तेव्हा हातचं राखून देत नाही म्हणतात, पण नेतो तेव्हा कधी कधी हातचं राखून नेतो, आणि ते जे राखलेलं असतं तीच खरी परीक्षा. मामांचा गळा त्याने असाच अर्धा नेला.

मामा बस स्टँडवर उद्घोषक होते. स्टँडच्या मधोमध, वरच्या मजल्यावर एक काचेची खोली होती. तिथे बसून त्यांनी उभी नोकरी काढली. समोर खालचे सगळे फलाट, टेबलावर माइक, माइकला पिवळं पडलेलं स्पंजचं टोपडं आणि हाताशी कोमट पाण्याचा थर्मास. कुठली गाडी, कुठल्या फलाटाला लागणार, कुठली रस्त्यात बंद पडली, कोणाचं पोर चौकशीच्या खिडकीपाशी रडत उभं आहे, हे सगळं मामांच्या तोंडून गावाला कळायचं. आवाज असा, की गाडी रद्द झाल्याची बातमी ऐकूनसुद्धा माणसाला वाटावं, बरं झालं, जरा टेकू.

कामाची त्यांची एक पद्धत होती. स्टँडवर कधी कधी एखादा माणूस नुसताच उभा असतो. हातात सामान नाही, घाई नाही, गाड्या येतात नि जातात, हा जागचा हलत नाही. दुसरा उद्घोषक असता तर माइकवरून म्हणाला असता, "खांबाजवळचे गृहस्थ, आपल्याला कुठे जायचंय?" मामा तसं करत नसत. जिना उतरून खाली जात आणि त्या माणसाच्या शेजारी उभे राहत. बोलत काहीच नसत. "चारचौघांत विचारलं की माणूस खोटं सांगतो," ते म्हणायचे, "शेजारी उभं राहावं. खरं काय ते आपणहून येतं." इकडे वरचे साहेब कपाळाला हात लावून बसायचे, कारण तेवढ्या वेळात दोन गाड्या मुक्यानेच सुटून जायच्या.

मग गळ्यात गाठ निघाली. डॉक्टरांनी ती काढली, आणि तिच्यासोबत आवाजाच्या पडद्याचा एक तुकडाही काढावा लागला. जीव वाचला, त्याची कृपा. पण पथ्याचे दिवस संपल्यावर तोंडून जे बाहेर आलं ते मामांच्या ओळखीचं नव्हतं. खडीवरून पत्रा ओढत न्यावा तसा आवाज. त्या आवाजात त्यांनी पहिला फोन लावला तो काचेच्या खोलीत, आपल्याच हाताखाली तयार झालेल्या नव्या उद्घोषकाला.

"मी बोलतोय."

"मी कोण? ओ काका, राँग नंबर."

त्या बिचाऱ्याचा दोष नव्हता. पण मामांनी फोन ठेवला आणि त्या दिवसापासून तोंडाला कुलूप घातलं. हवं-नको सांगायला चमच्याने कपावर टिचकी मारायचे. एक टिचकी म्हणजे हो, दोन म्हणजे नाही.

"उभा जन्म गावाला ओरडून सांगण्यात गेला," मामी म्हणायची, "आणि आता बायकोच्या वाट्याला ही टिणटिण. अहो, मी काय शाळेचं पोर आहे, घंटा झाली की सुटायला?"

टिण टिण.

गळ्याचे व्यायाम शिकवणाऱ्या बाई मात्र थट्टेत बोलत नव्हत्या. त्यांनी मामीला आणि भाचीला समोर बसवून सांगितलं होतं, "जखम भरली आहे. आता बोलणं हेच औषध. जसा निघेल तसा आवाज त्यांना काढू द्या. हा हिवाळा असाच गेला, तर उरलेला पडदा ताठ होईल. मग मनात आलं तरी बोलता यायचं नाही." भाचीने घरी येऊन हे मामांना जसंच्या तसं सांगितलं. मामांनी शांतपणे ऐकून घेतलं, एक टिचकी मारली, म्हणजे कळलं, आणि पुन्हा खिडकीबाहेर बघत बसले.

भाची चष्म्याच्या दुकानात भिंगं घासते. मामा तिला लहानपणापासून चिमणी म्हणतात आणि आता तिच्या केसांत पांढरं दिसू लागलं तरी चिमणीच म्हणतात. म्हणजे म्हणत असत. तिचा थोरला भाऊ, दादा, फ्रीज दुरुस्त करतो. त्यामुळे जगातली प्रत्येक वस्तू उघडून, पुसून, तार जोडून चालू होते अशी त्याची श्रद्धा. मामांच्या बाबतीतही त्याचं तेच चाललं होतं. मध आण, वाफारा आण, कुठून तरी एक गोळी आण, "मामा, नुसता आ कर, आ," म्हणून समोर उकिडवा बस. मामा आ करायचे नाहीत. फार झालं की उठून आतल्या खोलीत जायचे. चिमणीही सुरुवातीला त्याच वाटेने गेली होती. तिने गाणी लावून बघितली, रागावून बघितलं, एकदा रडूनही बघितलं. मामांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. शब्द काही आला नाही.

मग एका शनिवारी दादा आपल्या घरच्या माळ्यावर वायरची गुंडाळी शोधायला चढला आणि एक खोकं घेऊन उतरला.

"चिमणे, हे बघ कोण सापडलं!"

खोक्यात त्यांचा जुना व्हिडिओ गेम होता.

तो घरात कसा आला ते सांगायला हवं. दोघं लहान असताना त्यांची आई कामावर असायची, म्हणून शाळा सुटली की ती मामांकडे, डेपोमागच्या दोन खोल्यांत. बसमध्ये लोक काय काय विसरून जातात. त्यातलं जे कोणी न्यायला येत नाही ते डेपो मुदत संपल्यावर विकून टाकतो. त्या ढिगात हा खेळ होता आणि त्याच्या पोटात एकच कॅसेट. मामांनी तो पोरांसाठी आणला. चालू केल्यावर कळलं, कॅसेट जपानी आहे. सगळी अक्षरं जपानी. त्या खेळाचं नाव काय, ते तेव्हा त्यांना कळलंच नाही. पहिल्याच चित्रात मोडका पूल होता म्हणून ते त्याला पुलाचा खेळ म्हणायचे.

खेळ सोपा होता, म्हणजे दिसायला. जमिनीचे चौकोन पाडलेले, बुद्धिबळासारखे. आपली सात माणसं. आपण एकेकाला हलवायचं, कोणावर वार करायचा तो करायचा, आणि सगळे हलवून झाले की डाव संपला म्हणून बटण दाबायचं. मग शत्रू हलणार. आपण बटण दाबेपर्यंत शत्रू बोटही उचलणार नाही. दादा चहा पिऊन येईपर्यंत, चिमणीचा गृहपाठ होईपर्यंत, सगळी फौज हत्यारं धरून तशीच उभी. धावपळीच्या खेळांच्या जमान्यात असला थांबणारा खेळ कोणाला आवडणार? पुढे दादाने कॅसेटवरच्या चित्रावरून इंटरनेटवर शोधलं तेव्हा कळलं की खुद्द जपानातही तो कोणी घेतला नव्हता. ज्यांनी घेतला त्यांनी शिव्या घातल्या, की पुलापाशी खेळ अडतो, पुढे जातच नाही, कॅसेटच सदोष आहे.

पण या दोन खोल्यांत तो जिवंत होता, कारण तिथे मामा होते. पडद्यावर निळी चौकट उघडायची, तिच्यात मुंग्यांची रांग लागल्यासारखी जपानी अक्षरं उमटायची, आणि मामा ती "वाचून" दाखवायचे. एक अक्षर येत नव्हतं, पण अडले कधीच नाहीत. सातही जणांची बारशी त्यांनीच केली. ढाल घेतलेला तो ढाल्या, भाला घेतलेला भालेराव, घोडीवाली, दोन तीरवाल्या जुळ्या बहिणी, मलमपट्टी करणारी वैद्यीणबाई, आणि हातात नुसती काठी असलेला टकलू म्हातारा तो बाबाजी. बाबाजी एका फटक्यात मरायचा, म्हणून पोरांचा कायदा होता, म्हातारा मागे.

आणि पुलावर उभा असायचा तो डगलेवाला. काळा पायघोळ डगला, लाल टोपी, एकटाच. मामा त्याची घोषणा थेट स्टँडवरच्या आवाजात करायचे, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. पूल दुरुस्तीसाठी बंद आहे. पलीकडे जाणाऱ्यांची मुंडकी याच ठिकाणी उतरवून घेण्यात येतील. गैरसोयीबद्दल क्षमस्व." पोरं हसून लोळायची आणि मग डगलेवाल्यावर तुटून पडायची. तीर मारून बघितले, घोडी घालून बघितली, दोन्हीकडून घेरलं. डगलेवाला पडायचा. तो पडला की पलीकडच्या काठावरून घोडेस्वार यायचे, त्यांच्यामागे आणखी, त्यांच्यामागे आणखी, आणि सातही जण नदीत. प्रत्येक वेळी हेच. शेवटी पोरं कंटाळली, मोठी झाली, खेळ माळ्यावर गेला.

"लावतो दुरुस्त करून," दादा म्हणाला. "मामांना दाखवू. जुनं बघून माणूस बोलतं होतं."

"दाखवू," चिमणी म्हणाली. "पण एक अट. त्यांना बोला म्हणायचं नाही. अजिबात नाही."

"मग उपयोग काय?"

"खेळायचं."

दादाने स्पिरिटने टोकं पुसली, नवीन टीव्हीला जोडायची तार कुठून तरी पैदा केली, आणि पुढच्या शनिवारी दुपारी दोघं मामांकडे पोचली. मामी दारातच म्हणाली, "या, मूकबधिर शाळेत स्वागत आहे." मग खोकं बघून तिचा चेहरा बदलला. "अगं बाई, हा अजून आहे?"

मामा खुर्चीतून उठले. खोक्यातून कॅसेट उचलली, उलटी केली आणि सवयीने तिच्या खाचेत जोरात फुंकर मारली.

"मामा, फुंकू नको!" दादा ओरडला. "थुंकीने गंजतं ते!"

"त्या बाई रोज सांगतात, फुंकर मारा, फुंकर मारा, पडदा मोकळा होतो," मामी म्हणाली. "तेव्हा नाही मारली. जपान्याला मारली."

मामांच्या मिशीत हसू आलं. टिचकी मात्र मारली नाही. हातात कॅसेट होती.

जुने डाव सगळे पुसले गेले होते, कॅसेटमधली बॅटरी केव्हाच गेलेली. दादाने नवी घातली होती, पण सुरुवात पहिल्या चौकोनापासून करावी लागली. कंट्रोलर मामांच्या हातात, चिमणी शेजारी, दादा जमिनीवर. पहिली निळी चौकट उघडली, मुंग्यांची रांग लागली, आणि शेजारच्या घरातला मिक्सर ऐकू यायला लागला. मामांनी चौकटीकडे बघितलं आणि बटण दाबलं. पुढची चौकट. बटण. अक्षरं आली तशी न वाचता गेली.

दादाला राहवलं नाही. "ढाल्या म्हणतो, चला रे मित्रांनो, लढाईला!"

टिण टिण. मामांनी कंट्रोलर मांडीवर ठेवून चमचा उचलला होता.

"बरं, मग खरं काय लिहिलंय तेच बघू." दादाने फोन काढून पडद्यासमोर धरला. हल्ली फोन कुठलीही लिपी वाचतो. फोनने वाचून सांगितलं, "किल्ल्याचा दमटपणा आदरणीय असून तो सकाळी घ्यावा."

मामीने पदर तोंडात कोंबला. चिमणी हसता हसता वाकली. मामांचे खांदेही हलले, पण आवाज नाही. आवाज येईल म्हणून ते हसूसुद्धा ओठांत दाबत होते, हे चिमणीने तेव्हा पहिल्यांदा बघितलं. तिने त्याबद्दल काही म्हटलं नाही. "तुझा डाव, मामा," एवढंच म्हणाली.

असे शनिवार गेले. दुकानात अर्धा दिवस असतो, ती तिथून सरळ यायची. भिंगाच्या घासणीची पांढरी पूड तिच्या बाहीला तशीच असायची. ती मामांच्या शेजारी बसायची आणि खेळायची. व्यायाम केला का, विचारायची नाही. बाई काय म्हणाल्या, सांगायची नाही. दादाला हे पटत नव्हतं. एकदा जिन्यात त्याने तिला गाठलं.

"थंडी ओसरायला लागली, चिमणे. त्या बाई काय म्हणाल्या आठवतंय ना? आणि तू आपली घोडी नाचवतेस."

"मग काय करू? तू इतके दिवस त्यांच्या नरड्याशी बसलास, काय निघालं?"

"निदान प्रयत्न तरी केला."

ती तशीच जिना उतरली. घरी जाणाऱ्या बसमध्ये ती खिडकीला डोकं टेकून बसली. दादा म्हणतो तेच खरं असलं तर? हिवाळा संपेल, पडदा ताठरेल, आणि आपण मामांशेजारी बसून खेळ खेळलो, एवढंच उरेल. त्या रात्री तिने देवाला हात जोडले तेव्हा नेमकं मागायचं काय तेही तिला समजेना. "तूच बघ," म्हणाली आणि झोपली. कधी कधी हीच प्रार्थना सगळ्यात पूर्ण असते.

पुढच्या शनिवारी पूल आला.

तीच नदी, तोच मोडका पूल, मधोमध तोच डगलेवाला. मोठेपणी बघताना तो किती लहान दिसत होता! अंगठ्याच्या नखाएवढा. दादा सरसावून बसला. "ऐक मामा, आता मी नीट विचार केलाय. जुळ्यांना डाव्या काठावर ठेव. ढाल्या पुढे. डगलेवाला पडला की लगेच मागे फिरायचं, म्हणजे घोडेस्वार पुलावर अडकतील."

मामांनी ऐकलं. मग पडद्यावरचा निवडीचा बाण बाबाजीवर नेला, आणि त्याला उचलून पुलावर, थेट डगलेवाल्याच्या लगतच्या चौकोनात नेऊन ठेवलं.

"अरे मामा! म्हातारा मागे! म्हातारा मागे!"

मामांनी वार केला नाही. डाव संपला म्हणून बटण दाबलं.

"मेला," दादा म्हणाला. "संपला बाबाजी."

आता शत्रूची पाळी. डगलेवाल्याची तलवार उजव्या बाजूला होती, तशीच राहिली. तो हलला नाही. पाळी पुन्हा मामांकडे आली.

"हे काय? मारलं का नाही त्याने?" दादा गुडघ्यावर आला. "चुकला असेल. मामा, आता वेळ आहे, भालेरावला घाल आत!"

मामांनी भालेरावला उचललं आणि पुलावरून मागे नेलं. ढाल्याला मागे नेलं. जुळ्यांना झाडांत, घोडीवालीला पार काठाच्या टोकाला. पुलावर दोघंच राहिले. बटण. डगलेवाल्याची पाळी आली आणि गेली. तो हलला नाही. बाबाजीही हलला नाही.

चिमणी मामांकडे बघत होती. मामांचा चेहरा अगदी निवांत होता, कामावर असलेल्या माणसाचा असतो तसा. मांडीवर कोपर, नजर समोर. त्यांनी पुन्हा बटण दाबलं. मामी स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभी राहिली होती, तिचे हात केव्हाच कोरडे झाले होते, तरी ती पुसतच होती.

आणि निळी चौकट उघडली.

ही चौकट त्यांनी कधी बघितली नव्हती. शेजारी डगलेवाल्याचा चेहरा आला. लाल टोपीखाली तो चेहरा म्हातारा होता, डोळ्यांखाली रेघा काढलेल्या. इतकी वर्षं त्याला मारलं, त्याचा चेहरा कधी दिसलाच नव्हता. अक्षरं उमटत गेली, चौकट भरली, आणि कोपऱ्यात छोटा पांढरा बाण लुकलुकायला लागला. वाचून झालं की बटण दाबा, असा तो बाण. बटण दाबेपर्यंत हा खेळ पुढे सरकत नाही.

"बोलला," दादा हळूच म्हणाला. "अरे, हा बोलतो! त्याला मारायचंच नव्हतं! काय म्हणतोय? थांब, थांब, फोन..."

त्याने फोन काढून पडद्यासमोर धरला. मामांनी हात लांब केला आणि तो फोन हळूच खाली दाबला. दादाने त्यांच्याकडे बघितलं. मग चिमणीकडे. चिमणीने मान हलवली नाही, डोळे वटारले नाहीत, काहीच केलं नाही. काय म्हणतोय, हे तिलाही हवं होतं, पोटातून हवं होतं. ती बाणाकडे बघत बसली.

बाण लुकलुकत होता.

मामांनी घसा खाकरला. खाकरण्याचाच आवाज एवढा खरबरीत, की त्यांनी डोळे मिटून घेतले. वाटलं, झालं, आता चमचा उचलणार.

"कधीचा..."

पुढचं फुटलं नाही. त्यांनी पुन्हा श्वास घेतला.

"कधीचा उभा आहे मी इथे," डगलेवाला म्हणाला.

पत्राच होता तो, खडीवरून ओढलेला. पण त्या रेघारेघांच्या चेहऱ्याला तोच शोभत होता, दुसरा कुठला शोभला नसता. दादाच्या हातातला फोन विझला. मामांनी बटण दाबलं. नवी अक्षरं आली.

"जो येतो, तो... तलवार उपसूनच येतो. मग मलाही उपसावी लागते."

बटण. आता ते जरा सावरून बसले होते. प्रत्येक शब्दामागे श्वास घ्यावा लागत होता, तो ते स्टँडवरच्या शिस्तीने घेत होते, दोन गाड्यांच्या नावांमध्ये घ्यावा तसा.

"मला काही... पूल अडवायचा नव्हता. पलीकडून कोणी येणार होतं. त्याची वाट बघत होतो. गाड्या येतात, जातात." इथे ते थांबले. "म्हणजे घोडे. घोडे येतात, जातात."

दादाने नाक ओढलं. "मामा, घोडे किती नंबरच्या फलाटाला?"

"तू गप," मामा म्हणाले, त्याच आवाजात, आणि ते डगलेवाल्याचं वाक्य नव्हतं.

दारात आता मामी नव्हती. आत नळ सुरू झाला होता आणि बराच वेळ सुरूच होता.

मामांनी बटण दाबलं, तसा पडद्यावरचा चेहरा बदलला. टकलू, पांढऱ्या भुवयांचा. बाबाजी. त्याच्या चौकटीत अक्षरं भराभर उमटली आणि बाण पुन्हा लुकलुकायला लागला. मामांनी तोंड उघडलं, मग मिटलं, आणि चिमणीकडे वळले. कपाळावर घाम होता.

"हा तुझा."

"माझा? मला नाही येत, मामा. तूच सांग."

"मी एकटा... किती बोलू? गळा बघतेस ना." त्यांनी तिच्या गुडघ्यावर टिचकी मारली, चमच्याशिवाय. "त्याने एवढं सांगितलं. आता म्हातारा काय म्हणतो? बोल, चिमणे."

आयुष्यात तिने कधी या चौकटींना शब्द दिला नव्हता. ती ऐकणारी. तिच्या बाहीवर पांढरी पूड होती, ती तिने उगाच झटकली. बाबाजी तिच्याकडे बघत होता, मामा तिच्याकडे बघत होते, आणि या घरात आता घाई कोणालाच नव्हती.

"बाबाजी म्हणतात," ती म्हणाली, आणि तिचाच आवाज तिला चोरट्यासारखा वाटला, "बाबाजी म्हणतात की... मग मीही थांबतो तुमच्यासोबत. फक्त जरा सरकून घ्या. माझे पाय दुखतात. बसू या."

मामांनी बटण दाबलं. लाल टोपी परत आली. मामा हसले, आणि या खेपेला त्यांनी ते ओठांत दाबलं नाही. ते हसू कसं होतं म्हणाल, तर जुन्या लोखंडी फाटकासारखं, करकरत उघडणारं.

"सरकू कुठे?" डगलेवाला म्हणाला. "पूल मोडका आहे."

दादा जमिनीवर आडवा झाला हसून. आतला नळ बंद झाला.

"काय झालं?" मामी तिथूनच ओरडली. तिचा स्वर चिरका झाला होता, पण धमक तीच. "काय म्हणाला मेला? जरा मोठ्याने बोला की! इथे भांड्यांत काही ऐकू येत नाही!"

मामांनी पाठ ताठ केली, हनुवटी उचलली आणि श्वास भरून घेतला.

"पूल... मोडका... आहे!"

"मग उभे काय राहिलात?" मामी म्हणाली. "मला येऊ द्या, मग पुढचं सांगा."